साठ किलोंचा संघ

आंधळगावच्या राईस मिलमागे धानाच्या तुसाचा एक ढीग होता. धान निघून मिल सुरू झाली की तो रोज हातभर चढायचा आणि पौषापर्यंत चांगला दोन पुरुष उंच व्हायचा. ढिगाच्या पायथ्याशी, तूस पसरून मऊ केलेल्या जमिनीवर, नवप्रभात क्रीडा मंडळाचे गडी रोज संध्याकाळी कबड्डीचा सराव करायचे आणि ढिगावर गावातले जाणकार बसायचे. जाणकार म्हणजे ज्यांनी स्वतः कधी कबड्डी खेळली नाही, असे लोक. खेळणाऱ्याला खेळातलं काय कळणार, तो बिचारा खेळण्यात गुंतलेला असतो. बसून बसून प्रत्येक जाणकाराचा तुसात आपापल्या मापाचा खळगा पडला होता, आणि दुसऱ्याच्या खळग्यात बसणं हे दुसऱ्याच्या ताटात जेवण्यासारखं समजलं जाई.

सगळ्यात मोठा खळगा केवळरामचा. केवळराम चोपकर मिलचा काटेवाला. वय बेचाळीस, अंग भरलेलं, मान आखूड, आणि आवाज असा की मिलचं इंजिन चालू असतानाही रस्त्यापलीकडे ऐकू यावा. बावीस वर्षं तो एकच काम करत होता. हमाल पोतं काट्यावर टाकत. केवळराम दांडीवरचं माप सरकवी, आकडा बघे, त्यातून बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, एक किलो वजा करी आणि निव्वळ वजन खणखणीत ओरडे. मुनीम ते लिहून घेई. दांडीकडे दुसरं कुणी बघत नसे. बघायची रीतच नव्हती. शेतकरी असो की मालक, सगळे केवळरामच्या तोंडाकडे बघत. त्या तोंडातून आलेलं वजन खोटं निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ही विद्या तो मिलबाहेरही वापरी. लग्नात नवरीकडे एक नजर टाकून शेजाऱ्याच्या कानात म्हणे, "साडेशेहेचाळीस." नवरदेवाकडे बघून म्हणे, "बावन. हिच्या हातचं खाऊन साठ होते पाहा." त्याच्या बायकोला, गिरजाबाईला, हे मुळीच आवडत नसे.

"मानसायले पाहून वजन नोका सांगत जाऊ," ती म्हणे. "लोकं घरी येनं सोडून रायले."

"तुहं कधी सांगतलं का मी?"

"सांगून तर पाहा," गिरजाबाई म्हणे, आणि विषय संपे.

जाणकार असूनही कबड्डी केवळराम आयुष्यात एकदा खेळला होता. मिलमध्ये नवा नवा लागला होता तेव्हा. पोत्यांची मोजणी करताना पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही धान मोजणाऱ्यांची जुनी चाल. ती दिवसभर तोंडात घोळलेली. संध्याकाळी कुणाच्या तरी जागी त्याला चढाईला पाठवलं. तो 'कबड्डी कबड्डी' करत गेला, कोपऱ्यातल्या गड्याला त्याने झकास हात लावला, आणि आनंदाने म्हणाला, "लाभ." दम तुटला. केवळराम बाद. त्या दिवसापासून तो तुसाच्या ढिगावर बसायला लागला.

नवप्रभात मंडळाची कीर्ती म्हणाल, तर ती साकोली तालुक्यात सानगडीपर्यंत पोचलेली होती. सानगडीला दर वर्षी जानेवारीच्या शेवटी सामने भरत. नवप्रभात नऊ वर्षं तिथे जात होतं आणि नऊही वर्षं पहिल्याच सामन्यात हरून, दुपारचं जेवण सानगडीकरांकडे करून परत येत होतं. पुढे पुढे सानगडीचे लोक पत्रिका काढताना आंधळगावच्या नावापुढे वेळ लिहीत नसत, "जेवणाआधी" असं लिहीत, असं इश्वर सांगे. इश्वर गावचा न्हावी. मंडळाचा भक्त आणि मंडळाचा सगळ्यात मोठा निंदक, दोन्ही तोच.

१९७८ सालच्या डिसेंबरात सानगडीची पत्रिका आली आणि ढिगावर पुंडलिकराव गुरुजींनी ती मोठ्याने वाचली. गुरुजी निवृत्त शिक्षक. मंडळाच्या प्रत्येक पराभवाची कारणं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती. उतार पश्चिमेला, सूर्य डोळ्यांवर, पंच पक्षपाती, वांग्याची भाजी तिखट.

"यंदा नवीन आहे," गुरुजी म्हणाले. "साठ किलो वजन गट. साठ किलोंच्या वर कुणी चालणार नाही."

"म्हंजे यंदा बारीक लोकं आपल्याले हरवतीन," इश्वर म्हणाला. "चला, तेवढाच बदल."

"इश्वर, तू काहून असा बोलून रायला? सराव पाह्य ना जरा."

"पाहूनच रायलो गुर्जी. नऊ वर्सं झाले पाहून रायलो. तो भैय्यालाल पकड कराले जाते का पाया पडाले जाते, काई समजत नाई."

भैय्यालाल संघाचा कप्तान. उजव्या कोपऱ्यात उभा राही. हिंमत बैलाची आणि वजन कोंबडीचं. चढाईला आलेला गडी त्याला कमरेला लटकलेला घेऊनच मध्यरेषेपलीकडे जाई. खाली पोरं खेळत होती. भैय्यालालने वर बघून म्हटलं, "इश्वरभाऊ, आमाले ऐकू येते."

"ऐकू यावं म्हनूनच बोलून रायलो बाबू. खेळ."

केवळराम मात्र पत्रिकेकडे असं बघत होता की जणू त्याचंच नाव तिच्यात छापलंय.

"परसराम, साडेसत्तावन," तो हळूच म्हणाला. "भैय्यालाल, पंचावन. बाकीचे छप्पन-अठ्ठावनच्या मंधात."

"मग?" गुरुजी म्हणाले.

"गुर्जी, साठची सूट आहे अन् आपन पंचावनचा गडी नेऊन रायलो. पाच किलो कमी. कोनता गिऱ्हाईक हे घेईन? सातही गडी बरोबर साठचे न्यायचे. ना कमी, ना जास्त. मंग पाहा, भैय्यालालनं पाय धरला तर गडी हालते का."

नऊ वर्षांत कुणालाही हे सुचलं नव्हतं. गुरुजींनी वही उघडली, पराभवाच्या कारणांच्या शेवटी एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "वजन कमी." मग म्हणाले, "केवळराम, तूच यांचा व्यवस्थापक."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुठ्ठ्याचा गोल बिल्ला कापला. निळ्या शाईने त्यावर "व्यवस्थापक" लिहिलं आणि टाचणीने केवळरामच्या सदऱ्याला लावला. बावीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक सामन्याला गेलेला, प्रत्येक सामन्यात घसा बसवून घेतलेला, आणि फोटो काढताना प्रत्येक वेळी "भाऊ, तुमी जरा बाजूले" असं ऐकलेला माणूस. त्याने तो बिल्ला रात्री झोपतानाही काढला नाही. गिरजाबाईला टाचणी टोचली तेव्हा काढला.

मग जे सुरू झालं, त्याला आंधळगावात आजही "पोट्टे फुगवायचा महिना" म्हणतात. केवळराम सकाळी घरोघरी जाऊन गड्यांच्या आयांना दम देऊ लागला. भात दुप्पट. लाखोळीची डाळ घट्ट. दही गड्याला, ताक घरच्यांना. ज्याच्या घरी दुपटीचं नसेल तो गिरजाबाईकडे जेवायला. परसराम वरठीच्या मालधक्क्यावर हमाली करायला रोज सायकलने जाई. खाल्लेलं सगळं त्या सायकलवर उतरून जातं, हे केवळरामच्या लक्षात आलं, आणि त्याने भैय्यालालला हुकूम सोडला की यापुढे परसरामने मागे बसायचं आणि सायकल दुसऱ्याने मारायची. भैय्यालालने आठ दिवस मारली. परसराम अर्धा किलो चढला, भैय्यालाल एक उतरला. हुकूम मागे घेतला.

परसराम संघाचा एकुलता एक चढाईपटू म्हणावा असा चढाईपटू. लांब हात, लांब दम आणि लांब केस. केस मानेवर रुळायचे. चढाईला निघण्याआधी तो एकदा मान झटकून ते मागे टाकायचा, तेव्हा ढिगावरून आपसूक "आता पाहा" निघायचं. इश्वरच्या दुकानात तो वर्षातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा फक्त टोकं कापून जायचा. इश्वरला ते डोक्यापेक्षा मनाला जास्त लागत असे.

रोज संध्याकाळी, सराव संपला की, सातही गडी मिलच्या काट्यावर चढत. केवळराम माप सरकवी, आणि ढिगावरचे जाणकार त्याच्या तोंडाकडे बघत.

"भैय्यालाल, अठ्ठावन." ढिगावर टाळ्या. "परसराम, साडेएकोनसाठ." पुन्हा टाळ्या.

"धानासारखे तोलून रायला बाप्पा," इश्वर म्हणे, पण त्याचेही डोळे चमकत. चर्चेचा सूर बदलला होता. पूर्वी ढिगावर 'किती गुणांनी हरू' हे चाले. आता 'दुसऱ्या सामन्यात कोण येईल' इथपर्यंत मजल गेली. गुरुजींनी अंतिम सामन्याच्या भाषणाचा मसुदाही करून ठेवला.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी केवळरामने सातवा आकडा ओरडला. सातही गडी बरोबर साठ. इश्वर फक्त म्हणाला, "मी न्हावी असून सांगतो, असा सारखा माल मी कधी पाह्यला नाई."

मिलचा ट्रक सानगडीला निघाला तेव्हा त्यात सात गडी, तीस-पस्तीस जाणकार, बसायला रिकामी पोती, इश्वरची हत्यारांची पेटी आणि संघाच्या जेवणासाठी तांदळाचं एक पोतं होतं. पोतं केवळरामने स्वतः तोललं होतं आणि त्याच्यावर स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं होतं, ७५. इश्वर हत्यारं कायम सोबत ठेवी. त्याचं म्हणणं, हरल्यावर दाढी केली की तोंड दाखवण्यासारखं होतं.

सानगडीला शाळेच्या पडवीत काटा मांडला होता. एका धान-व्यापाऱ्याकडून आणलेला. पहिला भैय्यालाल चढला. तिथल्या माणसाने दांडी बघितली.

"एकसष्ट."

भैय्यालाल हसला. "भाऊ, नीट पाहा. साठ."

"एकसष्ट. उतर. दुसरा."

दुसरा एकसष्ट. परसराम एकसष्ट. सातही गडी एकसष्ट. सानगडीचे पंच, एक उंच, शांत गृहस्थ, कागदावर फुल्या मारत गेले आणि शेवटी म्हणाले, "आंधळगाव बाद. जेवन करून जा."

त्यानंतर पडवीत जे झालं त्याला संवाद म्हणता येणार नाही. आंधळगावचे तीस-पस्तीस जाणकार एकदम बोलत होते आणि त्या सगळ्यांत इश्वर वर ऐकू येत होता. "काटाच खोटा आहे. जेवायच्या आधी तरी खेळू देत होते, आता तर मैदान बी पाहू देऊन नाई रायले."

पंचांनी हात वर केला. मग त्यांची नजर बिल्ल्यावर गेली आणि बिल्ल्यामागच्या माणसावर.

"तुमी आंधळगावचे काटेवाले केवळरामभाऊ ना? आमच्या इकडचे लोकं तुमच्या मिलले धान आनतात. तुमचं वजन कधी खोटं निघालं नाई म्हनतात. तुमीच सांगा, आमचा काटा बरोबर आहे का नाई. तुमी सांगान ते मले मान्य."

केवळराम पुढे झाला. एवढा मान त्याला कधी मिळाला नव्हता. त्याने काटा सपाट जमिनीवर आहे का पाहिलं, दांडी मोकळी सोडली, ती मध्येच डुलत थांबली. काटा दिसायला तरी निर्दोष होता.

"त्याले काय पाहाचं?" इश्वर म्हणाला. "आपलं तांदळाचं पोतं आना ना. पंच्याहत्तरचं. तुमी सोता तोलेलं."

दोघांनी पोतं ट्रकमधून आणलं आणि काट्यावर टाकलं. दांडी वर गेली. पंचांनी वाकून आकडा वाचला.

"शहात्तर."

आंधळगावकरांचा असा आवाज झाला की शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले. खडूने लिहिलेले पंच्याहत्तर सगळ्यांना दिसत होते. दांडीवर शहात्तर होते. एक किलो. बरोबर एक किलो. भैय्यालालने परसरामला मिठी मारली. सानगडीचा काट्यावरचा माणूस खाली बघू लागला. पंचांनी कागद हातात घेतला आणि फुल्या खोडायला पेन उघडलं.

"म्हंजे आमचाच काटा किलोभर जास्त दाखवते," ते म्हणाले. "मंग तुमचे गडी साठचे. बरोबर ना, केवळरामभाऊ?"

केवळराम पोत्याकडे बघत होता. पंच्याहत्तर किलो तांदूळ. तांदूळ. एक किलो बारदाना. मिळून शहात्तर. काटा अगदी खरा होता. हे त्याला कळलं आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. महिनाभर रोज संध्याकाळी सातही गडी काट्यावर चढत होते, दांडी बघून त्याची जीभ आपोआप एक किलो सोडत होती, आणि सात गडी पोत्यात भरलेले नसून उघड्या अंगाने उभे आहेत ही गोष्ट जिभेला कुणी सांगितलीच नव्हती. कोपऱ्यातल्या गड्याला हात लावून "लाभ" म्हणालेलीच ती जीभ.

आता 'हो' म्हटलं की झालं. एकच अक्षर. गावातल्या कुणाला कळणार नव्हतं, पंचांना कळणार नव्हतं. बावीस वर्षं वाट पाहिलेला सामना समोर होता. केवळरामने तोंड उघडलं. गंमत अशी, की त्या तोंडाला वजनाच्या बाबतीत खोटं बोलायचा सरावच नव्हता.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला. "पंच्याहत्तर तांदूळ आहे. एक किलो बारदान्याचा. मी वजा करूनच लिहितो."

मग इश्वरने, ज्याला त्या दिवसाच्या सगळ्या पापांची क्षमा या एका प्रश्नासाठी व्हावी, हळूच विचारलं, "अन् मंग पोट्ट्यायचा बारदाना कोनता, केवळरामभाऊ?"

केवळरामने सदऱ्याची टाचणी काढली आणि बिल्ला गुरुजींच्या हातात दिला.

सगळ्यात आधी हसले ते पंच. आधी ओठ दाबून, मग मान खाली घालून, मग भिंतीला टेकून. मग काट्यावरचा माणूस. मग परसराम. मग अख्खी पडवी. डोळे पुसून पंच म्हणाले, "आता साडेदहा झाले. बारा वाजेपर्यंत पुन्हा तोलतो. नियमात आहे. एक किलो काहाडता येत असन तर काहाडा."

पुढचा दीड तास सानगडीच्या तलावाच्या पाळीवर जे दृश्य दिसलं, ते बघायला पहिल्या सामन्याचे प्रेक्षक मैदान सोडून आले. ट्रकमधली रिकामी पोती गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून सात गडी धावत होते, घाम निघावा म्हणून. त्यांच्यामागे, पोतं गुंडाळून, आखूड मानेचा आणि भरल्या अंगाचा केवळरामही धावत होता. त्याचं वजन कुणीच मागितलं नव्हतं.

"भाऊ, तुमी कायले पळून रायले?" परसरामने धावता धावता विचारलं.

"चाल बे," केवळराम म्हणाला. "दम नोको तोडू."

पावणेबाराला सहा गडी साठ भरले. परसराम एक छटाक, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम, जास्त. वेळ पंधरा मिनिटं. त्याच्या अंगात घामाचा एक थेंब उरला नव्हता. आंधळगावकरांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी इश्वरकडे. इश्वर पेटी उघडून वस्तरा परजत उभाच होता. सहा वर्षांची इच्छा पुरी होत असल्याचं समाधान त्याने चेहऱ्यावर येऊ न द्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. परसरामने केवळरामकडे पाहिलं.

"काहाडा," तो म्हणाला, आणि खाली बसला.

केस पायाशी पडले आणि परसराम चकचकीत डोक्याने काट्यावर चढला. दांडी डुलली, डुलली आणि थांबली. पंच म्हणाले, "केवळरामभाऊ, तुमीच वाचा." केवळरामने वाचलं. एकदा मनात, एकदा बोटाने, आणि मग ओरडला, "साठ. बारदान्याबगैर."

पहिला सामना नवप्रभात जिंकलं. परसरामने मैदानात जाण्याआधी सवयीने मान झटकली, मागे टाकायला काही नव्हतं, समोरचे सातजण हसायला लागले आणि तेवढ्यात त्यातल्या दोघांना हात लावून तो परत आला. दहा वर्षांत पहिल्यांदा आंधळगावकर जेवणानंतरही सानगडीत होते. दुसऱ्या सामन्यात मात्र कुणाच्या घशात 'कबड्डी' म्हणण्याइतकी ओल उरली नव्हती, आणि ते चौदा गुणांनी हरले. गुरुजींनी वहीत कारण लिहिलं, "घाम." केवळराम ट्रकमध्ये शेवटी चढला तेव्हा गुरुजींनी बिल्ला त्याच्या पुढे धरला. तो घेईना. तेव्हा भैय्यालालने तो घेतला आणि केवळरामच्या पोत्यालाच टोचून टाकला, कारण पोतं त्याने अजून काढलं नव्हतं.

जीभ बदलत नाही, हे केवळरामला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुढच्या डिसेंबरात पहिल्या सरावानंतर त्याने दुसरा उपाय केला. काट्याशेजारी खुंटीला एक रिकामं पोतं टांगलं. गड्याने ते खांद्यावर घ्यायचं आणि मगच काट्यावर चढायचं. दांडी एकसष्ट दाखवी, केवळराम "साठ" ओरडे आणि वजन बरोबर निघे.

ऐंशीच्या दशकात नवप्रभातने सानगडीला दोनदा अंतिम सामना खेळला. संघात तेव्हा नवे गडी आले होते, भैय्यालाल ढिगावर येऊन बसू लागला होता, परसरामचे केस पुन्हा मानेपर्यंत वाढून पांढरेही व्हायला लागले होते. एकदा वरठीच्या संघाचा एक पाहुणा सराव बघायला आला. आंधळगावचे गडी पोतं खांद्यावर घेऊन तोलायला उभे राहतात हे बघून त्याने विचारलं, "हे काय? कायच्यासाठी?"

पहिल्या हंगामातला नवा गडी पोतं सावरत काट्यावर चढला.

"आमच्याकडे असंच तोलतेत," तो म्हणाला, आणि केवळरामच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.